चिडवलेले मूल मैदानापासून दूर पळते

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा जालन्यात झाली. अंतिम लढतीत बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेवर मात करून मानाची गदा उचलली. या किताबासाठीच्या गटात 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल उतरतात. अशा भारदस्त पैलवानांची कुस्ती पाहायला माणसे गावोगावहून येतात, त्यांच्या दंडा-मांड्यांकडे कौतुकाने बघतात, ‘काय तब्येत कमावली आहे’ म्हणतात. त्या वजनाला हसावे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

शाळेच्या मैदानावर मात्र वजन हा चेष्टेचा विषय होतो. जालना शहरातली इंग्रजी माध्यमाची शाळा असो की भोकरदन, परतूर, मंठ्याकडचे एखादे विद्यालय, आठवी-नववीच्या वर्गात कोणीतरी ‘ढोल्या’ असतो, कोणी ‘ड्रम’ असतो, एखादी ‘टुणटुण’ असते. खरे नाव हजेरीपुरते उरते. पीटीच्या तासाला संघ पाडताना या मुलाला सगळ्यात शेवटी घेतात आणि घेतानाही ‘तो तुम्हाला राहू द्या’ अशी घासाघीस होते. तो धावू लागला की मागून ‘भूकंप झाला रे’ असा आवाज येतो. मुलगी असेल तर धावताना अंग हलते म्हणून मुलेही हसतात आणि मैत्रिणीही. कधी कधी मैदानावरचे सरही त्या हसण्यात सामील होतात. त्यांच्या लेखी तो निरुपद्रवी विनोद असतो.

हे बोलणे मुलाच्या भल्यासाठीच आहे, असे मानणारी मोठी माणसे घरोघरी आहेत. ‘जरा लाज वाटली की आपोआप हालचाल करील’, ‘टोचून बोलल्याशिवाय जिद्द येत नाही’ ही वाक्ये वरवर पाहता पटण्यासारखी वाटतात. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर झालेला अभ्यास नेमका उलट दिशेला बोट दाखवतो. वजनावरून चिडवलेले मूल जास्त हालचाल करू लागत नाही, ते कमी करू लागते. ज्या गोष्टीची त्याच्या शरीराला सर्वांत जास्त गरज आहे, तिच्यापासूनच चिडवणे त्याला तोडते. म्हणून वाढत्या वजनाची काळजी खरोखर असेल, तर मुलाला पळायला सांगण्याआधी मैदानावरचे हसणे थांबवावे लागेल.

‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पाचवी ते आठवीच्या 576 मुलांना विचारले गेले, की खेळताना किंवा व्यायाम करताना कोणी तुमच्या वजनावरून बोलते का. ज्यांना असे बोलणे जास्त ऐकावे लागत होते, त्यांची खेळाची आवड कमी होती आणि फावल्या वेळातली साधी हालचालही कमी होती. त्याच नियतकालिकातला 2013 चा अभ्यास वजन कमी करण्याच्या शिबिरात आलेल्या 14 ते 18 वर्षांच्या 361 मुलामुलींचा होता. त्यांपैकी 64 टक्के जणांना शाळेत वजनावरून त्रास झाला होता. त्रास कोणी दिला, याचे उत्तर मोठ्यांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. वर्गातली मुले 92 टक्के, स्वतःचे मित्रमैत्रिणी 70 टक्के, क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक 42 टक्के, आईवडील 37 टक्के आणि इतर शिक्षक 27 टक्के. म्हणजे ज्यांनी मुलाला मैदानावर आणायचे, त्यांचीही नावे या यादीत आहेत.

तिसरा अभ्यास 2019 मधला. वजन जास्त असलेली किंवा पुढे वाढण्याची शक्यता असलेली 110 मुले संशोधकांनी सरासरी बाराव्या वर्षापासून पुढे अनेक वर्षे पाहिली. ज्यांना वजनावरून जास्त चिडवले जात होते, त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात मोजलेले वजन, न चिडवलेल्या मुलांच्या तुलनेत 33 टक्के अधिक वेगाने वाढला. शरीरातली चरबी 91 टक्के अधिक वेगाने वाढली. अशा अभ्यासातून एकच कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण चिडवल्याने मूल बारीक होते, या समजुतीला त्यात कोठेही आधार मिळत नाही.

असे का होते, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला जगात सर्वांत जास्त महत्त्वाचे काय वाटत असेल, तर चार जणांत आपली शोभा होऊ नये, हे. ज्या ठिकाणी शोभा होते ते ठिकाण ते टाळते. मग पीटीच्या दिवशी पोट दुखते, बूट सापडत नाहीत, गणवेश धुवायला टाकलेला असतो. मुलीची पाळी महिन्यातून दोनदा येऊ लागते. शिक्षकांना वाटते मूल आळशी आहे, घरच्यांना वाटते बहाणे करते. मूल मात्र फक्त स्वतःचा बचाव करत असते. संध्याकाळी गल्लीतल्या क्रिकेटला जाणे थांबते, सायकल अंगणात गंजते, मोबाइलशी सोबत वाढते, कारण मोबाइल हसत नाही. सततच्या अपमानाचा ताण झोप बिघडवतो. काही मुले चार जणांत जेवत नाहीत आणि नंतर एकटी असताना भराभर खातात. त्यातून वजन आणखी वाढते आणि चिडवायला आणखी एक कारण मिळते.

यात शरीरशास्त्राचा एक मुद्दा कायम दुर्लक्षित राहतो. 75 किलोचा मुलगा आणि 45 किलोचा मुलगा मैदानाला सारख्याच वेगाने फेरी मारतात, तेव्हा पहिल्याचे स्नायू आणि हृदय कितीतरी जास्त काम करत असतात. तीस किलोचे पोते पाठीवर घेऊन कोणत्याही सडपातळ मुलाने एक फेरी मारून पाहावी. त्यामुळे सर्वांत मागे, धापा टाकत, चालत-पळत येणारे मूल कमी व्यायाम करत आहे, हा नुसता दृष्टिभ्रम असतो. पुष्कळदा त्या तासाला सर्वांत जास्त मेहनत त्यानेच घेतलेली असते आणि तासभरात सर्वांत जास्त हसूही त्याच्याच वाट्याला येते. मार्च महिन्यात मराठवाड्याचे ऊन तापू लागले की फरक आणखी वाढतो. जाड शरीरातली उष्णता सावकाश बाहेर पडते, मांड्या घासून सोलतात, घामाने गणवेश अंगाला चिकटतो.

व्यायामाचा फायदा काट्यावरच दिसला पाहिजे, हाही एक गैरसमज. नियमित हालचालीने इन्शुलिनचे काम सुधारते, रक्तदाब आटोक्यात राहतो, यकृतातली चरबी घटते, झोप आणि मनःस्थिती सुधारते. यातले बरेचसे वजन एक किलोनेही न उतरता होऊ शकते. ‘महिनाभर खेळतोय, काय फरक पडला?’ असे म्हणून घरच्यांनी खेळच बंद केला, तर त्या मुलाचा खराखुरा लाभ हिरावला जातो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. दम लागेल, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, ती मध्यम हालचाल. त्यासाठी धावलेच पाहिजे असे नाही. भरभर चालणे, सायकल, नाच, दोरीउड्या, पोहणे, शेतातले काम, सगळे चालते.

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा, जालन्यात कुठे आलाय लठ्ठपणा, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. 2016 ते 2018 या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्के मुले कृश आढळली आणि सुमारे 5 टक्के जास्त वजनाची. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी तीन. संख्या लहान आहे म्हणूनच त्यांची अवस्था बिकट होते. पन्नासाहून अधिक जणांच्या नजरेत ती तिघे ठळक उठून दिसतात. शिवाय आकडा थांबलेला नाही. ‘लॅन्सेट’मध्ये 2024 मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात 5 ते 19 वयोगटात 1990 मध्ये सुमारे 4 लाख मुले लठ्ठ होती, 2022 मध्ये ती सुमारे 1 कोटी 25 लाख झाली. आणि हालचालीचा तुटवडा तर जाड-बारीक असा भेद करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 मधल्या पाहणीत 11 ते 17 वयाची भारतातली सुमारे 74 टक्के मुले पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. ‘काडीपैलवान’ म्हणून हिणवला जाणारा मुलगाही मैदान सोडतोच.

आपल्याकडच्या या चेष्टेला आणखी एक विचित्र वळण आहे. मूल लहान असताना तेच अंग कौतुकाचे असते. ‘छान बाळसे धरलेय’, ‘खात्यापित्या घरचे दिसते’ म्हणून मावशी-आत्या गाल ओढतात, पानात आग्रहाने तूप वाढतात. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की त्याच तोंडातून ‘किती सुटलास रे’ आणि मुलीसाठी ‘हिचे लग्न कसे जमायचे?’ असे शब्द येतात. मधल्या काळात मुलाने काही गुन्हा केलेला नसतो. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढणे तर निसर्गनियमच आहे. वजनावर आनुवंशिकता, झोप, घरातले जेवण, शिकवण्यांचे वेळापत्रक, घराजवळ खेळायला जागा आहे की नाही, अशा कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. फाटकाबाहेर काय विकले जाते ते मोठ्यांनी बघायचे नाही आणि विकत घेऊन खाणाऱ्याला मात्र हसायचे, हा न्याय नव्हे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. चिडवू नका म्हणजे लठ्ठपणाला चांगले म्हणा, असे तर नाही ना? मुळीच नाही. किशोरवयातल्या जास्त वजनातून पुढे टाइप-2 मधुमेह, फॅटी लिव्हर, रक्तदाब, मुलींमध्ये पीसीओएस असे धोके निर्माण होतात आणि ते गंभीर आहेत. म्हणूनच तर ते चेष्टेवारी नेण्यासारखे नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये याच विषयावर धोरण जाहीर केले. लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मुलांशी बोलताना शब्द जपून वापरावेत, लाज वाटेल अशी भाषा टाळावी, असे त्यात सांगितले आहे. रोज हाच आजार पाहणाऱ्या डॉक्टरांना जे पाळायला सांगितले जाते, ते शाळेला आणि घराला जड जाऊ नये.

लाज आणि काळजी यांतला फरक एका उदाहरणातून चांगला कळतो. काही जाड मुलांच्या मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट आणि जाडसर होते. शाळेत त्यावरून ‘आंघोळ करत नाही’ म्हणून हसतात आणि घरी आई घासणीने मान घासून काढते. तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते आणि ती दिसली तर डॉक्टरांकडे जायला हवे. झोपेत मोठ्याने घोरणे, दिवसा पेंग येणे, मुलीची पाळी महिनोन्महिने न येणे यांचेही तसेच. वजन जास्त आहे की नाही हे नजरेने ठरवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी वयानुसार बीएमआयचे तक्ते दिले आहेत, त्यावरून डॉक्टर ते सांगू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी शाळांत तपासणीसाठी येतात, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. तिथे हा विषय काढता येतो. मूल फार एकटे पडले असेल, जेवण सोडत असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर 14416 या ‘टेली मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मैदानावर करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि बहुतेकींना पैसे लागत नाहीत. मुलांना स्वतः संघ निवडू देऊ नयेत, शिक्षकांनी नंबर मोजून संघ पाडावेत. त्यामुळे शेवटी उरण्याची नामुष्की एका दिवसात संपते. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, ही शिक्षा बंद करावी. पळणे म्हणजे शिक्षा, हे एकदा मनात बसले की पुढे आयुष्यभर मूल आपणहून पळत नाही. वजन-उंची मोजायची तर पडद्याआड मोजावी, आकडा मोठ्याने पुकारू नये. पीटीचा गणवेश सर्व मापांत मिळावा, मुलींना सैल टी-शर्ट आणि ट्रॅकपँटची मुभा असावी. उन्हाळ्यात तास सकाळी लवकर घ्यावा.

आणि खेळ निवडताना थोडी कल्पकता दाखवावी. गोळाफेक, थाळीफेक, रस्सीखेच, ज्युदो, वेटलिफ्टिंग, कुस्ती यांत वजन अडचण नसते, उपयोगाचे असते. कुस्तीत वजनी गट आहेत ते यासाठीच, की प्रत्येकाला आपल्या तोलामोलाचा जोडीदार मिळावा. गावोगावची मुले-मुली पहाटे रस्त्यावर ज्या पोलीस भरतीसाठी धावतात, तिच्या मैदानी चाचणीतही गोळाफेकीला 100 मीटर धावण्याइतकेच गुण आहेत. शाळेचा पीटीचा तास मात्र अजून धावण्यावर आणि निवडक बारा जणांच्या संघावर चालतो. तो संघ तालुक्याला, जिल्ह्याला खेळतो, त्यातल्या काहींना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. उरलेली मुले कडेला बसून टाळ्या वाजवतात. त्यांच्यासाठी स्पर्धेचा नव्हे, सहभागाचा तास हवा, जिथे मुलाची तुलना त्याच्या गेल्या आठवड्याच्या कामगिरीशी होईल. नववी-दहावीत तर हा तास गणित किंवा विज्ञानाच्या जादा तासाला देऊन टाकतात. तो परत मिळवणे ही शिक्षक आणि पालक दोघांचीही जबाबदारी आहे.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग म्हटले की मेडिकल-इंजिनीअरिंगची वसतिगृहे डोळ्यांपुढे येतात, पण या कायद्याच्या व्याख्येत विद्यार्थ्याला लाज किंवा भीती वाटेल असे वर्तन आणि चिडवणेही येते, आणि शिक्षणसंस्थेचा अर्थ त्यात केवळ महाविद्यालयापुरता ठेवलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बालकाचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शिक्षकाने सर्वांसमोर वजनावरून टोमणा मारणे या कलमाला धरून नाही, हे सांगायला वकील लागत नाही. मात्र तेरा वर्षांच्या मुलांना पोलिसांचा धाक दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. मुख्याध्यापकांनी वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत एवढे सांगितले तरी पुरे, की जात, रंग, तोतरेपणा यांवरून या शाळेत जसे बोललेले चालत नाही, तसेच अंगावरूनही चालणार नाही. मुले मोठ्यांचा सूर फार लवकर पकडतात. सर हसले नाहीत, तर वर्गही हळूहळू हसायचा थांबतो.

घरातल्यांसाठी तर आणखी सोपे आहे. ‘तू बारीक हो’ या वाक्याऐवजी ‘चल, आपण चक्कर मारून येऊ’ हे वाक्य वापरायचे आणि खरोखर उठायचे. जेवण एकट्या जाड मुलाचे बदलायचे नाही, सगळ्या घराचे बदलायचे. भाऊ वेफर खाणार आणि बहिणीच्या ताटात काकडी, असे केल्याने ती चोरून खायला शिकते. पाहुण्यांनी वजनाचा विषय काढला तर मुलासमोर त्यांना तिथेच थांबवायचे. आपल्या बाजूने कोणीतरी बोलले, एवढी एक गोष्ट मुलाच्या लक्षात राहते.

शाळा आपल्या क्रीडा कामगिरीचा हिशोब चषक आणि पदकांत मांडतात. त्या हिशोबात एक ओळ वाढवावी. जूनमध्ये पीटीच्या तासाला येणारी किती मुले मार्चमध्येही मैदानावर आहेत, आणि जी गळली ती का गळली? या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच विचारले, तर त्यातली बरीचशी ‘मला पळता येत नाही’ असे म्हणणार नाहीत. ‘सगळे हसतात’ असे म्हणतील.